पाठीवरच्या पंपाची लिथियम बॅटरी आणि तिचा राखणदार

फवारणीच्या हंगामात दुरुस्तीला सगळ्यात जास्त येतो तो पाठीवरचा बॅटरी पंप. मोटर धडधाकट, नोझल ठीक, बॅटरी मेलेली. हंगाम संपला की पंप गोठ्याच्या माळ्यावर जातो. आतली १२ व्होल्ट ८ एएचची (एएच म्हणजे ॲम्पिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) लेड-ॲसिड बॅटरी सात-आठ महिने चार्जविना पडून राहते, प्लेटांवर सल्फेट धरतं आणि पुढच्या पावसाळ्यात ती दोन टाक्यांतच मान टाकते. म्हणून हल्ली बरेच जण तिच्या जागी लिथियमचा पॅक बसवून मागतात, आणि घरी करून पाहणारेही वाढलेत. करा, जमण्यासारखं काम आहे. फक्त एवढं की लेड-ॲसिड बॅटरी आपल्या बऱ्याच चुका पोटात घालायची. लिथियमचा सेल तशी सवलत देत नाही, म्हणून त्याच्याबरोबर बीएमएस (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम) नावाचा छोटा बोर्ड लागतो. हा लेख त्या बोर्डाबद्दल आहे: कसा निवडायचा, कसा जोडायचा, आणि तो खरंच काम करतोय हे कसं बघायचं. शेवटचं जवळजवळ कोणीच करत नाही.

सुरुवातीलाच एक मर्यादा सांगतो. इथलं सगळं १२ व्होल्टच्या लहान पॅकसाठी आहे. इलेक्ट्रिक स्कूटरच्या पॅकला यातलं काही लावू नका. २०२२ मध्ये पुण्यासह देशात ठिकठिकाणी स्कूटर पेटल्या. त्यानंतर गाड्यांच्या बॅटऱ्यांसाठीचं एआयएस-१५६ हे मानक कडक झालं आणि सुधारित नियम डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. ते काम घरच्या टेबलावरचं नाही.

बोर्ड नेमकं काय करतो

त्याचं लक्ष चार गोष्टींवर असतं: एखादा सेल जास्त भरतोय का, एखादा जास्त रिकामा होतोय का, करंट मर्यादेबाहेर जातोय का, आणि सेन्सर असेल तर पॅक तापतोय का. यातलं काहीही घडलं की तो वाट तोडतो.

जास्त भरल्यावर काय होतं हे बहुतेकांना ठाऊक असतं: सेल तापतो, फुगतो, प्रसंगी पेटतो. जास्त रिकामा होण्यातला धोका मात्र कोणी मनावर घेत नाही. सेल साधारण २ व्होल्टच्या खाली जाऊन पडून राहिला की आतली तांब्याची पातळ पट्टी इलेक्ट्रोलाइटमध्ये विरघळू लागते. मग तो सेल पुन्हा चार्ज केला की ते तांबं भलत्याच जागी जाऊन बसतं आणि आतल्या आत शॉर्ट तयार होतो. मेलेल्या सेलला मोठ्या बॅटरीचा झटका देऊन ‘जिवंत’ करण्याचे प्रकार दुकानादुकानांत चालतात. तसा सेल महिनाभर नीट चालेलही. नंतर कधी दगा देईल याचा नेम नाही.

वाट तोडण्याचं काम मॉसफेट करतात. मॉसफेट म्हणजे विजेवर चालणारा स्विच. त्यात गोम अशी की तो बंद असला तरी त्याच्या पोटातला डायोड एका दिशेने करंट जाऊ देतोच. म्हणून एकाने भागत नाही. दोन मॉसफेट पाठीला पाठ लावून जोडतात, एक डिस्चार्ज अडवायला आणि एक चार्ज अडवायला. पॅक रिकामा झाला की पहिला बंद होतो, पण त्याच्या डायोडमधून चार्जिंग आत येऊ शकतं. बंद पडलेला पॅक चार्जर लावताच जागा होतो, तो या रचनेमुळे.

हे छोट्या प्रमाणात बघायचं असेल तर टीपी४०५६ चं निळं मॉड्यूल घ्या, जे एका सेलसाठी सगळीकडे मिळतं. त्यातला डीडब्ल्यू०१ हा चिप राखणदार आणि शेजारचा ८२०५ हा जोड-मॉसफेट. करंट मोजायला तिथे वेगळा रेझिस्टर नाही. मॉसफेटच्या स्वतःच्या रोधावर किती व्होल्टेज पडतंय तेच चिप बघतो. दोन्ही मिळून रोध साधारण ५० मिलिओहम आणि चिपची मर्यादा १५० मिलिव्होल्ट, म्हणजे ३ ॲम्पिअरच्या आसपास तो तोडणार. आता दुसरा आकडा बघा. टीपी४०५६ चार्जिंग ४.२ व्होल्टला थांबवतो, डीडब्ल्यू०१ मात्र ४.३ व्होल्टपर्यंत गप्प बसतो. बीएमएसची जागा या फरकात आहे. चार्जिंग वेळेवर थांबवणं हे चार्जरचं काम. तो चुकला तरच राखणदाराने काठी उगारायची. रोजच्या रोज बीएमएस तोडतोय म्हणून चार्जिंग थांबतंय, अशी अवस्था असेल तर तुमच्या पॅकमध्ये आधीच काहीतरी बिघडलंय.

पहिली पायरी: रसायन ठरवा

पंपासाठी मी डोळे झाकून एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट सुचवतो. मोबाइल-लॅपटॉपवाल्या लिथियम-आयन सेलचं सरासरी व्होल्टेज ३.७ आणि भरल्यावर ४.२. एलएफपीचं सरासरी ३.२ आणि भरल्यावर ३.६५. चार एलएफपी सेल एकापुढे एक जोडले, म्हणजे दुकानाच्या भाषेत ४एस केले, की १२.८ व्होल्ट मिळतात. जुन्या लेड-ॲसिडच्या अगदी जवळ. शिवाय तापल्यावर हा सेल बराच सोशीक असतो.

३.७ व्होल्टचे तीन सेल घेऊन ११.१ व्होल्टचा पॅक करणारेही आहेत. तो चालतो, पण घरातला कोणीतरी एक दिवस सवयीने पंपाचा जुना चार्जर लावतोच. तो १३.८ ते १४.४ व्होल्ट देतो, तीन सेलांत वाटला तर प्रत्येकी ४.६ ते ४.८. मध्ये बीएमएस आहे म्हणून आग लागत नाही, पण मग सगळी भिस्त त्या एका बोर्डावर येते. ४एस एलएफपीला तोच चार्जर प्रत्येकी ३.४५ ते ३.६ देतो. तो पॅक पूर्ण भरणार नाही, पण धोकाही नाही.

३२७०० आकाराचे, म्हणजे ३२ मिलिमीटर व्यासाचे आणि ७० मिलिमीटर उंचीचे, ६ एएच सेल या कामाला पुरतात. ‘आधी ८ होती, आता ६ कशी चालेल?’ हे प्रत्येक जण विचारतो. लेड-ॲसिडवरचा ८ हा आकडा २० तासांच्या संथ डिस्चार्जवर मोजलेला असतो. मोटर तीन-चार ॲम्पिअर ओढते तेव्हा हाती बरंच कमी येतं. सेल चारही एकाच लॉटचे घ्या. आणि साध्या १८६५० सेलवर ९८०० एमएएच (हजार एमएएच म्हणजे एक एएच) छापलेलं दिसलं तर तो दुकानदाराला परत द्या. त्या आकारात चांगल्यातला चांगला सेलही साधारण ३५०० च देतो.

दुसरी पायरी: बोर्ड निवडा

सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. ४एस लिथियम-आयनचा आणि ४एस एलएफपीचा बोर्ड दिसायला सारखे. पिना तितक्याच, रंगही बऱ्याचदा तोच. लिथियम-आयनचा बोर्ड एलएफपी पॅकला लावला तर तो प्रत्येक सेल सव्वाचार व्होल्टला जाईपर्यंत काहीच बोलणार नाही, आणि एलएफपीला ते फार झालं. तुम्हाला वाटणार राखणदार ठेवलाय, आणि तो बघतोय शेजारच्या शेताकडे. बोर्डावर १४.६ व्होल्ट किंवा ३.२ व्होल्ट छापलंय का बघा. १६.८ दिसलं तर तो तुमचा नाही.

करंटचं गणित ढोबळ ठेवा. मोटर चालताना तीन-चार ॲम्पिअर घेते, सुरू होताना क्षणभर कित्येक पट. स्वस्त बोर्डावर छापलेला आकडा हीटसिंक आणि वाऱ्याची झुळूक धरून असतो. बंद डब्यात मी त्याच्या निम्म्यावर विश्वास ठेवतो. म्हणून १५ ॲम्पिअरचा बोर्ड घ्या. ४० चा घेऊन काही जिंकत नाही. उलट तो इतक्या उशिरा तोडेल की तोवर पंपाची बारीक वायर वितळलेली असेल.

बॅलन्सिंग असलेलाच घ्या. चार सेल कितीही सारखे असले तरी महिन्यांच्या वापरात मागेपुढे होतात. बॅलन्सिंगवाला बोर्ड पुढे गेलेल्या सेलला शेवटी शेवटी एका रेझिस्टरमधून थोडं पाझरवतो, म्हणजे मागचे त्याला गाठतात. हे काम किती संथ आहे ते लक्षात घ्या. १०० ओहमचा रेझिस्टर आणि ३.६ व्होल्ट, म्हणजे ३६ मिलिॲम्पिअर. १०० एमएएचचा फरक मिटायला जवळपास तीन तास लागतात. मोठा फरक असलेले सेल ‘बीएमएस बघून घेईल’ म्हणून जोडले तर बीएमएस काही बघून घेत नाही.

तापमानाच्या सेन्सरची वायर असेल तर उत्तमच. विदर्भात मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली पॅक चार्जिंगला लावणाऱ्यांना तिची फार गरज आहे. बहुतेक सेलांसाठी चार्जिंगची वरची मर्यादा ४५ अंश असते, आणि नागपूर-चंद्रपूरकडे तर नुसती हवाच कधी कधी तिथे पोचते.

तिसरी पायरी: सेल एका पातळीवर आणा

एलएफपीचं व्होल्टेज फसवं असतं. वीस टक्के भरलेला सेल आणि ऐंशी टक्के भरलेला सेल यांच्यात मीटरवर जेमतेम दशांश व्होल्टचा फरक दिसतो. त्यामुळे ‘चारही ३.२८ दाखवतायत, म्हणजे सारखे’ असं म्हणता येत नाही. जोडण्याआधी प्रत्येक सेल एलएफपीच्या चार्जरवर एकेकटा पूर्ण भरून घ्या. टीपी४०५६ इथे चालणार नाही, तो ४.२ पर्यंत नेतो. टीपी५००० च्या मॉड्यूलवर ३.६ किंवा ४.२ निवडता येतं, तिथे ३.६ निवडल्याची दोनदा खात्री करा. भरल्यावर सेल दोन दिवस तसेच ठेवा. बाकीच्यांपेक्षा जास्त उतरलेला सेल बाजूला काढा.

चौथी पायरी: पॅक बांधा

इथे फार रेंगाळत नाही. सेलांना थेट सोल्डर लावू नका, निकेल पट्टी स्पॉट वेल्डरने लावून घ्या. तालुक्याच्या गावात आता हे करून देणारे मिळतात. स्क्रूवाले ३२७०० सेल मिळाले तर वेल्डिंगचीही गरज नाही. सेलच्या धन टोकावर इन्सुलेशन कागदाची चकती हवीच, कारण तिथे धन टोक आणि ऋण डबा यांच्यात अंतर काही मिलिमीटरचंच असतं आणि पंप पाठीवर दिवसभर हादरत असतो. कामाला बसताना अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा.

पाचवी पायरी: बोर्ड जोडा

आता सावकाश. ४एस बोर्डाला पाच बारीक वायरी लागतात: पहिली पॅकच्या अगदी ऋण टोकाला, दुसरी पहिल्या आणि दुसऱ्या सेलच्या जोडावर, तिसरी आणि चौथी पुढच्या दोन जोडांवर, पाचवी अगदी धन टोकाला. जाड वायरी वेगळ्या. बोर्डावरचं ‘बी मायनस’ पॅकच्या ऋण टोकाला जातं, आणि ‘पी मायनस’मधून पंपाकडे व चार्जरकडे वाट निघते. धन वायर बहुतेक बोर्डांत थेट पॅकवरूनच जाते, कारण मॉसफेट ऋण बाजूला बसवलेले असतात.

माझ्या पहिल्या पॅकमध्ये मी तिसरी आणि चौथी वायर उलटी लावली होती. कनेक्टर खोचताच टिचकीएवढा आवाज झाला, एका रेझिस्टरमधून बारीक धूर निघाला आणि बोर्ड गेला. नशीब एवढंच की तो गेल्याचं कळलं. तेव्हापासून एक सवय लावून घेतली. पाचही वायरी पॅकला सोल्डर करायच्या, पण कनेक्टर बोर्डात खोचायचा नाही. मल्टिमीटरची काळी पिन पहिल्या वायरवर ठेवून लाल पिन एकेक पुढे न्यायची. सेल ३.३ व्होल्टवर असतील तर ३.३, ६.६, ९.९, १३.२ असं चढत गेलं पाहिजे. एखादी पायरी चुकली, उलटली किंवा शून्य आली तर वायर चुकलीय. हे जुळल्यावर आधी ‘बी मायनस’ची जाड वायर सोल्डर करायची आणि मगच कनेक्टर खोचायचा.

चार्जिंगचं सॉकेट जोडताना त्याची ऋण वायर ‘पी मायनस’लाच लावा. जागा जवळ पडते म्हणून ती ‘बी मायनस’ला लावलेले पॅक मी पाहिलेत. पंप छान चालतो, चार्जही छान होतो, आणि चार्जिंगच्या वेळी राखणदार चक्क कुंपणाबाहेर उभा असतो. बॅटरीची पातळी दाखवणाऱ्या छोट्या मीटरचंही तसंच. त्याची ऋण वायर ‘बी मायनस’ला लावली तर पंप बंद असतानाही तो पॅक थेंबथेंब पीत राहतो आणि बीएमएस त्याला अडवू शकत नाही.

धन वायरमध्ये, सेलच्या जितक्या जवळ जमेल तितक्या जवळ, गाडीत असतो तसला १० ॲम्पिअरचा फ्यूज घाला. बोर्ड असताना फ्यूज कशाला, याचं उत्तर पुढे येतंय.

सहावी पायरी: जागं करा आणि परीक्षा घ्या

जोडणी झाल्यावर ‘पी’ टोकांवर, म्हणजे पंपाकडे जाणाऱ्या धन-ऋण वायरींवर, मीटर लावलं तर बऱ्याचदा शून्य किंवा भलतंच काहीतरी दिसतं. घाबरू नका. बरेच बोर्ड पहिल्यांदा झोपलेलेच असतात. चार्जर क्षणभर लावा, पॅकचं पूर्ण व्होल्टेज दिसू लागेल.

आता डिस्चार्जची परीक्षा. मोटरसायकलचा १२ व्होल्ट २१ वॉटचा इंडिकेटर बल्ब घ्या, तो साधारण पावणेदोन ॲम्पिअर ओढतो. पॅक पूर्ण भरलेला असेल तर तीन-साडेतीन तास लागतील, म्हणून आधी पंपाने थोडी फवारणी उरकून घ्या. एकूण व्होल्टेज १२ च्या खाली आलं की जागचे उठू नका, कारण एलएफपी शेवटी कड्यावरून पडल्यासारखा उतरतो. प्रत्येक सेल आलटून पालटून मोजत राहा. सगळ्यात अशक्त सेल बोर्डाच्या मर्यादेला, म्हणजे बोर्डाप्रमाणे २ ते २.५ व्होल्टच्या दरम्यान आला की बल्ब एकदम विझला पाहिजे. त्या क्षणी थेट सेलांवर ९-१० व्होल्ट शिल्लक दिसतील आणि ‘पी’ टोकांवर काही नाही. कोणता सेल आधी खाली गेला ते टाचून ठेवा. सेल २ च्या खाली गेला आणि बल्ब जळतोच आहे, तर बल्ब काढा आणि बोर्ड बदला.

जास्त चार्जची परीक्षा व्होल्टेज-करंट ठरवता येणारा पॉवर सप्लाय असेल तरच करा. करंट अर्ध्या ॲम्पिअरवर बांधून घ्या, १४.६ पासून व्होल्टेज हळूहळू वाढवा आणि डोळे सेलांवर ठेवा. बोर्डाच्या माहितीत दिलेला आकडा, बहुधा ३.७ ते ३.९ च्या मधला, एखाद्या सेलने गाठला की करंट शून्य झाला पाहिजे. नाही झाला तर तुम्हीच थांबवा. हे उघड्यावर, फरशीवर करा. पलंगावर नको.

शॉर्टची परीक्षा पेचकसाने करू नका. इंटरनेटवर तसं करून दाखवणारे भरपूर आहेत. बोर्ड बहुतेक वेळा टिकतो. पण मॉसफेट जेव्हा मरतो, तेव्हा तो बऱ्याचदा शॉर्ट होऊनच मरतो, म्हणजे स्विच कायमचा चालू. बाहेरून काहीच कळत नाही. पंप चालतो, चार्जिंग होतं, फक्त आता कोणीच पहारा देत नाही. फ्यूज घालायला सांगितला तो यासाठीच. करंट अडवणं बघायचंच असेल तर गाडीच्या हेडलाइटचा ६० वॉटचा बल्ब लावा. थंड फिलामेंट क्षणभर दहापट करंट ओढते आणि अनेक बोर्ड तेवढ्यात तोडतात. मग लोड काढल्यावर बोर्ड पुन्हा सुरू होतो का तेही बघा. मात्र हेडलाइट बल्बवर तुटला म्हणून बोर्ड खराब ठरवून परत पाठवू नका.

चार्जर

१४.६ व्होल्टचा, एलएफपी असं लिहिलेला, दोन ॲम्पिअरचा. बीएमएस चार्जर नाही, हे किती वेळा सांगावं लागतं! १५ व्होल्टचा जुना ॲडॅप्टर ‘बोर्ड आहे ना मध्ये’ म्हणून लावला जातो आणि राखणदार रोज रात्री काठ्या हाणत बसतो. लेड-ॲसिडचा जुना चार्जर अडचणीच्या दिवशी चालेल. कायम वापरला तर बॅलन्सिंग सुरू होण्याइतकं व्होल्टेज सेलांना मिळेलच असं नाही आणि ते हळूहळू फाकत जातील.

बोर्डाच्या हाताबाहेरचं

सेलच्या आतला दोष त्याला दिसत नाही. २०१६ मध्ये सॅमसंगला गॅलेक्सी नोट ७ हा फोनच बाजारातून मागे घ्यावा लागला. कंपनीच्या तपासात दोष बॅटरीतच निघाला. फोनमध्ये सर्किट होतंच, पण शॉर्ट सेलच्या पोटात असेल तर बाहेरची वाट तोडून काय होणार? म्हणून पडलेला, चेपलेला, गोडसर वास येणारा किंवा काहीच न करता गरम लागणारा पॅक पंपातून काढा, घराबाहेर मोकळ्या जागी ठेवा आणि चार्ज करू नका. धूर निघू लागला तर आधी मेनचा प्लग काढा, लांब व्हा, धूर नाकात जाऊ देऊ नका. इतक्या लहान पॅकवर लांबून भरपूर पाणी मारलं तर चालतं, तो थंड होणं महत्त्वाचं. मेलेले सेल भंगारवाल्याच्या पोत्यात टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ते परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा विक्रेत्याकडेच द्या.

आणि औषधाचं पाणी. पंपाची टाकी कुठूनतरी झिरपतेच, आणि बोर्डावर खाराचा हिरवा थर चढला की चिपला चुकीचे आकडे दिसू लागतात. परीक्षा झाल्यावर बोर्डावर इन्सुलेटिंग वार्निशचा हात द्या, पॅकला हीट-श्रिंक चढवा आणि वायरी खालच्या बाजूने बाहेर काढा, म्हणजे पाणी वायरीवरून आत उतरणार नाही.

हंगाम संपला की पॅक भरून ठेवू नका आणि रिकामाही नको. निम्म्यावर आणा, पंपातून बाहेर काढा आणि घरात थंड जागी ठेवा. बोर्ड स्वतः अगदी थोडं का होईना पीत असतो, म्हणून दिवाळीला आणि होळीला एकदा मीटर लावून बघा. मृगाच्या तोंडावर पंप काढाल तेव्हा पहिल्या टाकीच्या आधी तो इंडिकेटरचा बल्ब पुन्हा लावा आणि गेल्या वर्षी टाचून ठेवलेला सेलच आधी खाली जातोय का ते बघा.